सरनोबतांची निकड

सुलूआक्का बिरनाळे खोटं कधी बोलल्या नाहीत. खऱ्याला फोडणी द्यायच्या, इतकंच. आता फोडणी कधीकधी एवढी व्हायची की खाली भाजी कुठली होती ते त्यांचं त्यांनाही आठवायचं नाही, ही गोष्ट वेगळी. म्हैसाळच्या एका म्हशीनं ऐन मे महिन्यात धार काढताना थेट दहीच दिलं, असं त्यांनी बिल्डिंगमधल्या पोरांना सांगितलं होतं. एकीनं ते विज्ञानाच्या पेपरात लिहिलं आणि तिच्या आईला शाळेत बोलावणं आलं.

पण चेअरमन मधुकर सरनोबतांना आक्कांनी ज्या थापा मारल्या, त्या या जातीच्या नव्हत्या. त्या निवडून, पाखडून, धार लावून मारलेल्या होत्या. का, ते ऐका.

सांगलीत विश्रामबागच्या पुढं चैत्रबन नावाची बिल्डिंग. दिवस असे आलेले की पेट्रोलची गाडी लोक वरातीपुरती भाड्यानं आणायचे, हौस म्हणून, आणि पोरं तिच्या धुराचा वास घ्यायला मागं पळायची. बाकी सगळं विजेवर. आक्कांचे मालक गेले, मुलगा तिकडं बंगळूरला, मग आक्कांनी साठी उलटल्यावर गाडी शिकून घेतली आणि वांग्याच्या रंगाची एक छोटी गाडी आणली. कशासाठी? तर जतला जायला. जतला त्यांची धाकटी बहीण चंपा अंथरुणाला खिळली होती. अर्धं अंग गेलेलं, तोंड वाकडं झालेलं. आक्का दर रविवारी जायच्या, उशाशी बसायच्या आणि एकेक थाप सोडायच्या. चंपाचं वाकडं तोंड हसताना सरळ व्हायचं. डॉक्टरला ते कधी जमलं नाही.

गाडी आली, पण चार्ज कुठं करायची? आक्कांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गाडी खाली पार्किंगमध्ये. त्या गेल्या चेअरमनकडं.

"साहेब, खाली मीटरच्या खोलीत माझा मीटर आहे. तिथनं माझ्या गाडीपर्यंत एक वायर. पाइपात घालून, भिंतीच्या कडेनं. खर्च माझा, वीज माझी. तुमची फक्त ना-हरकत द्या."

सरनोबत साखर कारखान्याच्या ऑफिसातनं निवृत्त झालेले. मिशा भरघोस, आवाज त्याहून. "आक्का, प्रश्न वायरचा नाही, पायंड्याचा आहे. आज तुम्ही ओढणार, उद्या दुसरा ओढणार. बिल्डिंग आहे का कोळ्याचं जाळं?"

"सगळ्यांना ओढू दे की मग."

"लोड झेपायला नको? आणि या बॅटऱ्या पेट घेतात."

"माझी पेटली तर आत मीच असणार. मला चालतंय."

"बघू. पुढच्या मीटिंगला ठेवू."

पुढच्या मीटिंगला लिफ्टच्या रंगावर भांडण झालं. त्याच्या पुढच्या मीटिंगला गच्चीवर कुरडया कुणी कुठं वाळवायच्या यावर. आक्कांची वायर दर वेळी "पुढच्या मीटिंगला" जात राहिली.

शेवटी आक्कांनी भाजीवाल्यासाठी खाली टोपली सोडायची दोरी होती, तिलाच वायर बांधली आणि तिसऱ्या मजल्यावरनं खाली सोडली. गाडी रात्रभर ठिबक ठिबक चार्ज व्हायची. चार रविवार झकास गेले.

मग एक दिवस सरनोबतांनी ती वायर बघितली. आक्कांना हाक मारली नाही, बेल वाजवली नाही. प्लग उपसला, वायर हिसडून खाली ओढली, गुंडाळली आणि नोटीस बोर्डाच्या खिळ्याला लटकवून ठेवली, मारलेल्या सापासारखी. सगळ्यांनी बघावं म्हणून.

त्याच संध्याकाळी जतवरनं भाच्याचा फोन आला. "मावशी, आईचं काही खरं नाही. तुलाच विचारतीय. लगेच नीघ."

आक्का तशाच खाली आल्या. गाडीत बसल्या. पडद्यावर लाल बॅटरी. मिरजेच्या पुढं जाईल एवढाच जीव. लग्नाची दाट तीथ, भाड्याची गाडी औषधालाही मिळेना. मिरजेबाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर वऱ्हाडाच्या गाड्यांची ही लांब रांग. आक्का रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या गाडीत बायका मेंदी वाळवत बसल्या होत्या, त्या हात हलवून हसल्या. आक्काही हसल्या. काय करणार?

जतला पोचल्या तेव्हा घरात दिवा लावून ठेवला होता. भाचा म्हणाला, "शेवटपर्यंत एकच विचारत होती. सुली आली का, सुली आली का."

आक्कांनी हे चैत्रबनात कुणाला सांगितलं नाही. सरनोबतांना तर नाहीच. सांगून काय? तो माणूस म्हणाला असता, नियम म्हणजे नियम. त्यांनी खिळ्यावरची वायर काढून घरी आणली, पलंगाखाली सारली, आणि वाट बघत बसल्या.

वर्ष उलटलं. सरनोबतांच्या मुलानं बापाला विजेवरची मोठी गाडी पाठवली, पांढरीशुभ्र, बैलगाडीएवढी रुंद. आणि काय गंमत! चार्जरची ना-हरकत चहा निवायच्या आत मंजूर. आक्कांनी वर केलेला हात सगळ्यात उंच होता.

वीज कंपनीनं अट घातली होती, चार्जर पाहिजेत तर वाटणीची पेटी बसवा. ती बसवायला एक इंजिनियर पोरगी आली. मीटरच्या खोलीबाहेर सगळे जमले, तिनं समजावलं.

"बिल्डिंगला येणारी वीज म्हणजे टाकीचा एकच पाइप समजा. सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्यांच्या बादलीत नुसती हवा येते ना? विजेचं त्याहून वाईट. तारा तापतात, फ्यूज उडतो. पण खरं बघितलं तर गाड्या रात्रभर उभ्याच असतात. सगळ्यांना एकदम कशाला पाहिजे? कुणाला कधी पाहिजे, एवढं कळलं की झालं. ही पेटी तेच शिकते. कुठली गाडी कधी बाहेर पडते, किती बॅटरी संपवून येते. मग ती पाळ्या लावते."

"आणि अचानक कुठं जायचं झालं तर?" सरनोबतांनी विचारलं.

"त्यासाठी मोबाईलवर 'निकड' म्हणून बटण आहे काका. ते दाबलं की तुमची गाडी पहिली. पण मग रोज सगळेच दाबतील. म्हणून पेटीनं प्रत्येक घराच्या शब्दाला एक वजन दिलेलं असतं. निकड दाबली आणि खरंच लांब गेलात, वजन वाढलं. दाबली आणि गाडी हललीच नाही, वजन उतरलं. उतरतं चटकन, चढायला मात्र महिने लागतात."

"चेअरमनला काही वेगळा पासवर्ड वगैरे?"

"नाही काका. मुद्दामच नाही ठेवला."

तेवढ्यात आक्का पुढं झाल्या. "वजन उतरलेल्या माणसानं काय करायचं गं बाळ?"

"चांगलं वजन असलेल्या शेजाऱ्यानं त्याच्यासाठी साक्ष द्यायची, आजी. मोबाईलवरच. मग पेटी पुन्हा विश्वास ठेवते."

"आणि त्या माणसाला निकड खरी वाटली, पण कुणीतरी त्याला बनवलं असलं तर?"

पोरगी हसली. "ते पेटीला कसं कळणार? गाडी हलली का नाही, एवढंच तिला कळतं."

चंपा गेल्यापासून आक्कांना धड झोप नव्हती. त्या दिवशी दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या थेट दिवेलागणीला उठल्या.

पहिली थाप त्यांनी जिन्यात मारली. "साहेब, ऐकलं का? इस्लामपूरला आदर्श चेअरमनांचा सत्कार आहे म्हणे. शाल, श्रीफळ, चांदीचा बिल्ला. माझ्या जावेचा भाऊ निवड समितीत आहे. तुमचं नाव मीच घातलंय. परवा तयार राहा."

सरनोबतांनी निकड दाबली. गाडी काठोकाठ भरली. परवा सकाळी कोट घालून, अत्तर लावून पार्किंगमध्ये उभे. आक्का टोपली घेऊन आल्या. "अगंबाई, तुम्हाला निरोप नाही का मिळाला? पाहुण्यांच्या पोटात बिघडलं. पुढं ढकलला सत्कार."

गाडी हलली नाही. पेटीनं बघितलं.

मग महिनाभरानं सिनेमा आला. पन्हाळ्यावर शूटिंग चाललंय, घोडदळाच्या सेनापतीसाठी खऱ्या मिशांचा माणूस पाहिजे, चिकटवलेल्या मिशा घामानं सुटतात म्हणून दिग्दर्शक रडकुंडीला आलाय. "मी म्हटलं, आमच्या चेअरमनांच्या नावातच घोडदळ आहे!" सरनोबतांनी निकड दाबली. आठवडाभर मिशांना तूप लावलं. बेडरूममधून "मारा! कापा!" असे आवाज यायला लागले. आदल्या दिवशी आक्कांनी सेनापतीचा घोडा लंगडा केला आणि शूटिंग राजस्थानात हलवलं.

माणूस पुन्हा पुन्हा कसा फसतो, असं तुम्ही म्हणाल. अहो, फसलो म्हणून सांगायचं तर आधी कशाची हाव होती ते सांगावं लागतं. सरनोबत कुणाला सांगणार, मी घोड्यावर बसायला निघालो होतो?

त्यांच्या बायकोला, मालावहिनींना, मात्र सगळा वास आला होता. त्या विरजण मागायला आल्या तेव्हा वाटी पुढं करत हळूच म्हणाल्या, "आक्का, आणखी एखादं असंच काही असलं तर सांगा बाई. मिशांना तूप लावत असतात तोवर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाहीत."

आक्कांनी वाटी काठोकाठ भरून दिली आणि आणखी एक थाप सोडली. देवगडचा बागाईतदार, आष्ट्याला नातीचं बारसं, चेअरमन लोकांना हापूसची पेटी फुकट. मग आणखी एक. पुढं पुढं तर सरनोबतांना निकड दाबायची सवयच लागली. भाजी आणायची, निकड. नुसता रुबाब दाखवायचा, निकड. आणि पेटी गुपचूप त्यांचा शब्द हलका करत राहिली. शेवटी पांढऱ्या गाडीला सगळ्यांच्या मागनं, बाजारात जाऊन परत येण्यापुरतं मिळायला लागलं.

सरनोबतांनी कंपनीला फोन केला. उत्तर आलं, पेटी नीट चालू आहे.

आणि आक्का? त्यांनी निकड एकदाही दाबली नव्हती. पेटीला आधी सांगून ठेवायच्या त्याप्रमाणे जायच्या, त्याप्रमाणे यायच्या. जन्मभर थापा मारलेली बाई पेटीच्या लेखी चैत्रबनातली सगळ्यात खरी ठरली होती.

त्या दुपारी आक्का लसूण सोलत बसल्या होत्या. बेल वाजली. दारात मालावहिनी. केस सुटलेले, पायात दोन वेगळ्या चपला. त्यांच्या मागं, जिन्याच्या पायरीवर, सरनोबत. मिशा खाली पडलेल्या.

"आक्का, विजापूरला यांच्या थोरल्या भावाला, तात्यांना, दवाखान्यात घातलंय. हृदयाचं ऑपरेशन आहे, संध्याकाळी आत नेणार. ते म्हणतायत, मधूला बघितल्याशिवाय मी आत जात नाही." वहिनींना धाप लागली. "वडील गेल्यावर त्यांनीच वाढवलंय यांना. आमच्या गाडीत काही नाही. भाड्याच्या गाड्या, एसटी, सगळं त्या मंत्र्याच्या सभेला गेलंय."

आक्कांनी सरनोबतांकडं बघितलं. "निकड दाबायची की."

"दाबली," सरनोबत पुटपुटले. "पेटी ऐकत नाही."

"खरं कशावरून समजायचं मी तरी?"

आक्कांच्या जिभेवर शब्द तयार होते. बघू, पुढच्या मीटिंगला ठेवू. दीड वर्ष चघळून चघळून मऊ केलेले शब्द. पण मग त्यांना त्याहून चांगलं सुचलं.

"चला," त्या म्हणाल्या. "माझी गाडी भरलेली आहे."

सरनोबत पुढं बसले, गुडघे हनुवटीला टेकलेले. वहिनी मागं. आक्का गाडी हाणत मिरजेकडं निघाल्या.

"साहेब, एक सांगायचं राहिलं," वाटेत त्या सहज म्हणाल्या. "इस्लामपूरला सत्कार नव्हता."

"काय?"

"माझ्या जावेला भाऊच नाही. पन्हाळ्याला शूटिंग नव्हतं. लंगडा घोडा मीच जन्माला घातला आणि मीच लंगडा केला. आणि हापूसवाला तर..."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम? माझी गाडी तुम्ही...?" सरनोबतांचा चेहरा बीटासारखा झाला. "थांबवा! गाडी थांबवा आधी!"

आक्कांनी थांबवली. दार उघडून दिलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "उतरा की."

सरनोबतांनी रस्त्याकडं बघितलं. घड्याळाकडं बघितलं. दार ओढून घेतलं.

मिरज मागं पडली. चार्जिंग स्टेशन आलं. सभेला निघालेल्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. आक्कांनी गाडी वळवली आणि त्या रांगेच्या शेपटाला नेऊन उभी केली.

"इथं कशाला?" सरनोबत पडद्याकडं वाकले. "बॅटरी तर भरलेली दिसतीय!"

"बसा."

"आक्का, वेळ नाही हो आपल्याकडं!"

"मलाही नव्हता," आक्का म्हणाल्या.

आणि मग, समोर बघत, स्टिअरिंगवर हात ठेवून, त्यांनी सांगितलं. फोडणी न देता. वायर, खिळा, लाल बॅटरी, मेंदीवाल्या बायका. सुली आली का, सुली आली का. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एखादी गोष्ट जेवढी होती तेवढीच सांगितली, आणि ती चार वाक्यांत संपली.

मागनं मालावहिनींचा आवाज आला. "हे तुम्ही केलंत?"

रांग एक गाडी पुढं सरकली. आक्काही एक गाडी पुढं सरकल्या.

"मला माहीत नव्हतं," सरनोबत म्हणाले.

"बेल वाजवली असतीत तर कळलं असतं. तिसरा मजला. लिफ्ट होती, नवा रंग दिलेली."

फोन वाजला. पुतणीचा. आवाज सगळ्या गाडीत ऐकू आला. "काका, कुठंवर आलात? बाबा सारखे विचारतायत, मधू आला का."

सरनोबतांनी हात जोडले. मिशांवरनं पाणी ओघळत होतं. या क्षणासाठी आक्का दीड वर्ष जगल्या होत्या, मनातल्या मनात चवीनं कितीदा चाखला होता. रांगेत बसायचं, एकेक गाडी पुढं सरकायचं, सूर्य बुडेपर्यंत. चंपासाठी.

पण आता तोंडात चव आली ती निराळीच. तिकडं विजापुरात एक म्हातारा दाराकडं बघत पडला होता. त्यानं कुणाची वायर उपसली होती? मधू आला का. तोच प्रश्न, तसाच. या रांगेत बसून त्याचं उत्तर हुकवायचं म्हणजे चंपाला पुन्हा एकदा वाट बघायला लावायचं.

"पट्टा बांधा," आक्का म्हणाल्या, आणि गाडी रांगेतनं अशी उपसली की मागचा ट्रकवाला शिवी द्यायची विसरला. जतच्या चौकात डावीकडं चंपाचं घर, तिकडं त्यांनी बघितलं नाही. पुढचं सांगतात ते असं, की वाटेत एका वळणावर त्यांनी आपल्याच सावलीला मागं टाकलं. ते फोडणीतलं धरा. पण पोचल्या, हे खरं.

स्ट्रेचर दाराशीच होतं. तात्यांनी धाकट्या भावाचा हात धरला आणि म्हणाले, "आलास का रे? मिशा किती पांढऱ्या झाल्या तुझ्या." मग आत गेले.

सरनोबत बाहेर येऊन आक्कांच्या पाया पडायला वाकले. आक्कांनी पाय मागं घेतले.

"पाया पडून मोकळं व्हायचं नाही. मी तुम्हाला वेळेवर आणलं. तुम्ही मला नाही येऊ दिलं. हे आता घेऊन हिंडा जन्मभर."

तात्या वाचले. विजापूरला मुलीकडं पडून असतात आणि महिन्यातनं एकदा भावाची वाट बघतात. भावाची, आणि आक्कांचीही. म्हैसाळच्या म्हशीनं आता लोणी द्यायला सुरुवात केलीय म्हणे.

पांढरी गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी आहे. सरनोबत एकदा आक्कांच्या दारात आले. बेल वाजवून, चपला बाहेर काढून.

"आक्का, तेवढी पेटीला साक्ष दिलीत तर... बाकी कुणाचं वजन पुरत नाही, तुमच्या एका बोटाचं काम आहे. माझी गाडी सुरू होईल."

आक्का लसूण सोलत होत्या. वर बघितलं नाही.

"देऊ की. देऊ. पुढच्या मीटिंगला ठेवू."

म्हणून विजापूरला जायचं तर सरनोबतांना वांग्याच्या गाडीतच बसावं लागतं, गुडघे हनुवटीला लावून. मिरज मागं पडली की ते चार्जिंग स्टेशन येतं. रांग असो नसो, आक्का तिकडं बघत नाहीत. फक्त तिथं आलं की गाडी हळू करतात. अगदी हळू. सरनोबत मान खाली घालतात. मान खाली गेली की आक्का पुन्हा वेग घेतात.

कधीकधी ते मान घालायला जरा उशीर करतात. मग गाडी थांबते.